मार्गोचा खटला

१९ ऑक्टोबर १४२८

मार्गोला पकडून नेलं. खुनाच्या आरोपावरून!

वनरक्षक जिरार आज दुपारी रानात, ओकच्या झाडाखाली मेलेला सापडला. डोकं फुटलेलं. शेजारी मार्गो, आमची डुकरीण, उभी – थोबाडाला रक्त. झालं. कोतवालाने गळ्यात दोर अडकवला आणि भर बाजारातून तुरुंगात नेलं. मागे पिल्लं केकाटत.

माझा धाकटा भाऊ उदें गावाची डुकरं रानात चारतो. म्हणाला, "डोळा लागला होता, ताई." घोडा झाला, दाढी पिकायला लागली, तरी दुपारी झोपतोच.

२० ऑक्टोबर

तुरुंगात माणसाला जेवढा पाव, तेवढाच डुकरिणीला – कायदाच आहे. शेजारच्या चोराची तक्रार: त्याचाही तीच खाते.

२२ ऑक्टोबर

दोषी ठरली तर फाशी. फाशी गेलेल्या डुकराचं मांस पुरून टाकतात. पिल्लांचंही काही खरं नाही – "आईच्या संगतीत होती," म्हणतात न्यायाधीश. म्हणजे माझ्या खाणावळीचा हिवाळा संपलाच.

शेजारीण जानेत म्हणाली, "सुटली तरी पुढच्या महिन्यात, संत मार्टिनच्या सणाच्या जेवणाला, तूच कापणार ना?"

"ते आमचं घरचं प्रकरण आहे," मी म्हटलं.

२५ ऑक्टोबर

मार्गोच्या बचावाला सरकारने वकील दिला! शहरातून आलाय, आन्सेल नावाचा. झगा लांब, पाय अडकतो. माझ्याच खाणावळीत उतरलाय.

मला वाटलं थट्टा करेल. पण तुरुंगात जाऊन तिच्यापुढे वाकला. "मार्गोबाई, आपलं म्हणणं काय?" तिने त्याचा हातमोजा खाल्ला. "अशील घाबरलेली नाही," म्हणाला. "चांगलं लक्षण."

वाटाण्याची आमटी वाडग्यावर वाडगे ओरपली. म्हणाला, "पेरिनबाई, या बर्गंडी प्रांतात मी एकही खटला हरलेलो नाही."

"किती लढलात?"

"हा पहिलाच."

नवरा गेल्यापासून या घरात एवढं हसणं झालं नव्हतं. उदें तेवढा हसला नाही. ताट तसंच सारून उठला, तुरुंगाच्या खिडकीशी जाऊन बसला. जनावराची माया असते एकेकाला.

२८ ऑक्टोबर

पुन्हा वाटाण्याची आमटी. नवी टोपी घातली. उगाचच.

३ नोव्हेंबर

हात दुखतोय, पण लिहिल्याशिवाय चैन नाही.

न्यायालय गच्च भरलेलं. मार्गो पिंजऱ्यात. न्यायाधीशांनी नाव विचारलं, ती गुरगुरली, कारकुनाने काहीतरी लिहून घेतलं. कोतवाल सारखा तेच म्हणत होता – थोबाडाला रक्त होतं, मी डोळ्यांनी पाहिलं.

आन्सेल उठला. झग्यात पाय अडकून पडता पडता वाचला.

"रक्त हुंगलं म्हणजे सांडलं असं नव्हे. गावाच्या जखमा बांधणाऱ्या न्हाव्याने प्रेत तपासलंय. अंगावर एकही दात उमटलेला नाही. घाव एकच, डोक्यावर, वरून खाली. न्यायाधीशमहाराज, माझी अशील इतकी उंच नाही. आणि काठी धरायची म्हटली तर..." त्याने मार्गोचा खूर उचलून दाखवला.

आधी मागचे बाक हसले, मग कारकून, शेवटी न्यायाधीश. निर्दोष!

तिला सनई-ढोलांच्या गजरात घरी आणली. जानेतने तिच्या गळ्यात माळ घातली. माळही तिने खाल्ली. पिल्लं अशी लुचली की तिला बसवेना. मी दारूचं पिंप फोडलं. वकीलसाहेब नाचले. मीही नाचले, त्यांच्या झग्यावर पाय देत देत. मार्टिनच्या सणाला यंदा हंस कापू. मार्गोला हात लावणार नाही.

४ नोव्हेंबर

कोतवाल सकाळीच आला. मार्गोची पाठ थोपटली. "डुकरीण नाही, म्हणजे माणूस," म्हणाला. "उद्यापासून चौकशी. त्या दिवशी रानात कोण कोण होतं, सगळ्यांची."

तो गेल्यावर उदें माझ्यासमोर येऊन बसला.

"जिरार तिला झोडपत होता, ताई. थांबेचना. मी काठी हिसकावली आणि त्याच्याच डोक्यात घातली."

मग माझा हात धरला.

"तिला सोडवलंस. आता मला सोडव."

वकीलसाहेबांची पेटी दारात बांधून ठेवलेली होती. मी ती उचलली आणि परत वर त्यांच्या खोलीत नेऊन ठेवली.