मानपत्रातली मोकळी जागा

४ जानेवारी, सकाळी १०.४०
यंदाचा 'उत्कृष्ट कर्मचारी' पुरस्कार माझा. ही आशा नाही, गणित आहे. आमच्या बस कंपनीच्या हरवले-सापडले विभागात माणसं आठ. ज्याला पुरस्कार मिळतो त्याचा फोटो काउंटरमागच्या भिंतीवर कायमचा लागतो. भिंतीवर फ्रेमा सात. आठ वजा सात म्हणजे मी. एप्रिलअखेर रिटायर होतोय, तेव्हा हा शेवटचाच कार्यक्रम. आता साहेबांनी टाळायचं म्हटलं तरी दुसरं माणूस आणणार कुठून?
तरी गाफील राहायचं नाही. संकल्प: रोज दहाच्या ठोक्याला हजर. पडून राहिलेल्या ४१२ वस्तूंच्या नोंदी पूर्ण करणे. काउंटरवर सगळ्यांशी गोड बोलणे.

५ जानेवारी, सकाळी १०.५५
बस चुकली. आपल्याच कंपनीची. तिला उशीर झाला असता तर मला कारण मिळालं असतं, पण ती आज नेमकी वेळेवर आली. अशा वेळी माणसाने करायचं काय? मावशींनी, म्हणजे आमच्या शिपाईबाईंनी, दार उघडून काउंटर पुसून ठेवला होता. उद्यापासून नक्की.

९ जानेवारी, दुपारी १.००
नोंदी झाल्या तीन. चौथ्या छत्रीचा रंग निळा लिहावा की जांभळा, इथे गाडी अडली. घाईगर्दीत चुकीची नोंद करणं माझ्या स्वभावात नाही.
गोड बोलणं साडेअकरापर्यंत व्यवस्थित चालू होतं. मग एक बाई आल्या. म्हणाल्या, काळी छत्री हरवलीय. आमच्याकडे काळ्या छत्र्या त्रेसष्ट. मी शांतपणे विचारलं, काळी म्हणजे कोणती काळी. त्या चिडल्या. मग मीही थोडा चिडलो. मावशी त्यांना आत घेऊन गेल्या आणि पाच मिनिटांत छत्री शोधून दिली. बाहेरच्या माणसाला काउंटरच्या आत नेणं नियमात बसत नाही. मावशींना चांगली समज दिली.

१३ जानेवारी, सकाळी ८.१५
पुरस्काराचं बायकोच्या कानावर घातलं. म्हणाली, मागच्या वर्षीही असंच म्हणाला होतात, आणि त्याच्या मागच्या वर्षीही. तेव्हा आशा होती, आता गणित आहे, हे समजावून सांगितलं. ती भाजी चिरत राहिली. मग म्हणाली, त्या फ्रेमेवाचून एवढं काय अडलंय?
मी पेपर उघडला. खरं उत्तर असं, की एकतीस वर्षं लोकांच्या हरवलेल्या वस्तू सांभाळल्या आणि एक मेपासून त्या खोलीत मी कधी होतो याची एक खूण राहणार नाही. हे इथेही लिहायचं नव्हतं.

१८ जानेवारी, संध्याकाळी ६.३०
घात झाला. बायकोचे थोरले भाऊ आले होते. बँकेतून रिटायर. घरात शोकेसभर ढाली. त्यातल्या चांदीच्या ढालीची गोष्ट त्यांनी सहाव्यांदा सांगितली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की मलाही यंदाचा पुरस्कार जाहीर झालाय. मेहुणे उठून उभेच राहिले. म्हणाले, मग काय, कार्यक्रमाला आम्ही सगळे येणार. बायको माझ्याकडे टक लावून पाहत होती. मी चहात बिस्किट बुडवलं, ते तळाशी गेलं.
आता मिळायलाच हवं. दुसरा रस्ता नाही.

२२ जानेवारी, दुपारी ३.१०
मिळालं! साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दरवर्षी पुरस्काराचं मानपत्र मीच लिहितो. माझं अक्षर चांगलं आणि भाषा भारदस्त. साहेब आधी नाव सांगतात, मग मी लिहितो. आज म्हणाले, लिहून द्या, पण नावाची जागा मोकळी ठेवा. मी विचारलं, का? हसले. म्हणाले, यंदा जरा गुप्त ठेवायचंय.
गुप्त कोणापासून? मानपत्र आधी वाचणारा विभागात एकच माणूस. माझ्यापासूनच लपवायचं तर नाव कोणाचं असणार? साहेब माणूस मोठ्या मनाचा. आजवर त्यांना जे काही बोललो ते सगळं परत घेतलं.

२५ जानेवारी, सकाळी ११.३०
स्वतःचं मानपत्र लिहिणं सोपं काम नाही. दोन दिवसांत एकच ओळ झाली. 'विभागाचा आधारस्तंभ.' खाली दोन-तीन प्रसंग लागतात. आठवून पाहिले. मागच्या वर्षी मोठ्या कपाटाची किल्ली हरवली, ती मीच शोधून काढली. पण ती हरवलीही माझ्याकडूनच होती.
एकतीस वर्षं आहेत. काहीतरी निघेलच.

२७ जानेवारी, दुपारी ४.००
निघालं. कानाच्या मशीनचा प्रसंग! बसमध्ये एका निवृत्त गुरुजींचं ऐकायचं मशीन राहिलं होतं. नाव नाही, पत्ता नाही. मावशींनी डबीवरच्या दुकानाच्या शिक्क्यावरून शोध काढला आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊन ते घरी पोचवलं. आता यात माझं काय, असं कोणी म्हणेल. पण रजिस्टरमध्ये 'वस्तू परत केली' हा शेरा कोणाचा? प्रसंग घेतला.
विसरलेले जेवणाचे डबे रोज धुऊन ठेवणं, म्हणून खोलीला वास येत नाही. तेही मावशीच करतात, पण मी कधी हरकत घेतली नाही. घेतलं. सकाळी सर्वांआधी दार उघडणं. माझा संकल्प तोच होता. घेतलं. रडत आलेल्या माणसाला आधी बसवून पाणी देणं. घेतलं.
शेवटी एक गोष्ट मात्र निव्वळ माझी घातली. मृदुभाषी.
सुंदर उतरलंय. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

३ फेब्रुवारी, सकाळी ११.२०
स्टुडिओत फोटो काढला. फोटोग्राफर म्हणाला, जरा हसा. हसलो. म्हणाला, नको, राहू द्या. सहा फोटोंत दाढ दुखत असल्यासारखा दिसतोय. सातवा बरा, पण त्यात डोळे मिटलेत. तोच घेतला. कायमचा लावायचा फोटो शांत असावा.

१० फेब्रुवारी, दुपारी १२.४५
बिलं करणारा म्हणाला, यंदाचं नाव ऐकून सगळ्यांना आनंद होईल. सगळ्यांना? माझं नाव असेल तर दोघा-तिघांची तोंडं तरी वाकडी व्हायला हवीत. साहेबांना जिन्यात गाठलं, सहज विचारलं, मानपत्र आवडलं का? म्हणाले, अहो, हुबेहूब व्यक्ती डोळ्यांसमोर उभी केलीत. माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेले. 'व्यक्ती' कशाला म्हणाले?
मेहुण्यांना फोन लावला. कार्यक्रम रद्द झाला, असं सांगणार होतो. त्यांनी उचलल्या उचलल्या सांगितलं, की नऊ जणांसाठी गाडी ठरवलीय. मी म्हणालो, वा, वेळेवर निघा. देवा, आता तूच बघ.

१५ फेब्रुवारी, सकाळी ९.००
आज. भाषण खिशात आहे. 'मी या सन्मानाला पात्र नाही' अशी सुरुवात केलीय. नम्रता शोभते.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.३०
साहेब वाचायला उभे राहिले. सर्वांआधी दार उघडण्याचं वाक्य आलं तेव्हा मी कोटाचं बटण लावलं. कानाच्या मशीनचा प्रसंग आला आणि तिसऱ्या रांगेत स्वतः ते गुरुजी उभे राहिले. मला बरं वाटलं, आयता साक्षीदार मिळाला. पण ते बोट दाखवत होते दाराकडे. दारात मावशी पाण्याचे ग्लास घेऊन उभ्या होत्या. साहेबांनी नाव वाचलं. मावशींचं.
मी तोवर खुर्चीतून अर्धा उठलेला. परत बसणं शक्य नव्हतं. मग पूर्ण उभा राहिलो आणि टाळ्या वाजवल्या. मला पाहून सगळं सभागृह उभं राहिलं. साहेब माइकवरून म्हणाले, हा मोठेपणा शिकण्यासारखा आहे.
माझी वजाबाकी बरोबर होती. विभागात माणसं नऊ होती. एकोणीस वर्षं मावशी रोज समोर असतात आणि मी त्यांना मोजलंच नव्हतं. लाज वाटते.
मेहुण्यांकडे पाहायची हिंमत नव्हती. मी तोंड उघडायच्या आत बायकोने त्यांना सांगितलं, ह्यांना जाहीर झालं होतं, पण ह्यांनीच मावशींचं नाव पुढे केलं. मेहुण्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, मला नसतं जमलं हो. नऊच्या नऊ जण माझ्या पाया पडायचे बाकी होते.
घरी आल्यावर बायकोने विचारलं, मानपत्र लिहिताना मनात कोण होतं? मी बूट काढत बसलो. ती म्हणाली, तरीच. मला वाटलंच होतं, हे तुमचं वर्णन नव्हे. मग तिने गरम पाण्याची पिशवी आणून दिली. पाठ दुखतेय असं मी म्हणालो नव्हतो.

१७ फेब्रुवारी, सकाळी ११.१०
मावशी मानपत्र घेऊन आल्या. म्हणाल्या, त्या दिवशी गोंधळात नीट ऐकूच आलं नाही, अक्षर वळणदार आहे, मला लागत नाही, तुम्हीच वाचून दाखवा. शिवाय म्हणाल्या, एवढ्या वर्षांत वाटायचं, आपण काय करतो ते कोणाला दिसत नाही. तुम्ही सगळं बघत होतात साहेब.
मी मान हलवली.
वाचलं. प्रत्येक वाक्याला त्या हो म्हणत होत्या, कारण प्रत्येक वाक्य खरं होतं. 'मृदुभाषी'ला त्यांनी थांबवलं. म्हणजे काय, विचारलं. सांगितलं, गोड बोलणारी. म्हणाल्या, छे, हे काही माझं नाही, मी तर दिवसभर खेकसत असते. हे कुणाचं घुसलं यात?
मी म्हणालो, माझं.
मावशी हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की स्टुलावर बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाल्या, साहेब, तुम्ही एवढी गंमत करता हे ठाऊकच नव्हतं.
तो शब्द नीट खोडला आणि मानपत्र त्यांना परत दिलं. आता त्यात माझं म्हणावं असं फक्त अक्षर आहे.