कार्बनची कांडी आणि उकाडा

ती. बाबांना नमस्कार,

हे पत्र आधी तुम्ही वाचा, मग आईला द्या. मी बरी आहे. खोलीत उजेड भरपूर येतो आणि घरमालकीण कटकट करत नाही.

प्रयोगशाळेत नेमकं काय करतेस, असं तुम्ही विचारलं होतं. पेन्सिलीच्या शिशासारखी कार्बनची कांडी असते. तिचं टोक ओल्या कापडावर इंग्रजी आठ गिरवत घासायचं. आरशासारखं झालं की त्यावर साखर ओळखणाऱ्या एन्झाइमचा लेप द्यायचा. मग रक्ताच्या थेंबात साखर जितकी जास्त, तितका कांडीतून वाहणारा करंट जास्त आणि मीटरवरचा आकडा मोठा. भांडी घासायला नाक मुरडणारी मी आता दिवसभर घासतच असते, हे आईला सांगा.

नवी कांडी आधी स्वतःच्या रक्तावर बघायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे. माझ्या थेंबाला आकडा भलताच वर गेला. लेप बिघडला असेल म्हणून मी कांडी पुन्हा घासली, पुन्हा लेप दिला. आकडा हटेना. शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी स्वतःचं बोट टोचलं. त्यांचा आकडा व्यवस्थित आला.

"अगं, कांडीला कशाला छळतेस? डॉक्टरकडे जा," त्या म्हणाल्या.

गेले. शुगर निघाली, पण सुरुवातच आहे. गोळी आणि रोजचं चालणं, एवढंच. बिनसाखरेचा चहा तेवढा अजून घशाखाली उतरत नाही.

ताई सांगत होती, हल्ली तुम्ही सारखं पाणी पिता आणि उकाड्याला नावं ठेवता. बाबा, मीही कांडीलाच नावं ठेवत होते. तपासून घ्याल ना?

तुमची,
धाकटी