जांभळ्या पाण्याच्या गुळण्या

डॉक्टरसाहेब, आगबोट यायला अजून अवकाश आहे. भरती चढल्याशिवाय आगबोटीपर्यंत नेणारा पडाव खाडीबाहेर निघत नाही, म्हणजे तासभर तरी हातात आहे असं मी धरतो. चुकतही असेन. त्या पडावातून आज एक काचेची नळी मुंबईला जायची आहे आणि तिच्यात माझ्या नातीच्या घशात फिरवलेला कापूस आहे. तुम्ही देवाघरी जाऊन बारा वर्षं झाली हे मला ठाऊक आहे. पण हे दुसऱ्या कोणाला लिहू?

आधी आठवतं ते तुमचं पहिलं बोलणं. रेवदंड्याच्या दवाखान्यात मी नवा कंपौंडर, मराठी चौथी झालेला, तेही कसंबसं. औषधाच्या बाटलीत बोट घालून मी अडकलेलं बूच काढलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. नुसतं म्हणालात, "हे बोट सकाळपासून कुठे कुठे गेलं, सांगता येईल?" त्या दिवसापासून मी हात धुतो. अजून धुतो. सूनबाई म्हणते, मामंजींचे हात एक दिवस पाण्याबरोबर वाहून जातील.

मग तो हिवाळा. खाडीपलीकडे घटसर्पाने दोन मुलं गेली आणि तुम्ही इथली शाळा बंद करायला लावलीत. तुमच्या मनात एक शोध होता. धडधाकट माणसाच्या घशातही हा रोग गुपचूप मुक्काम करून असतो, तसा तो आपल्या गावात आहे का, हे तुम्हाला पाहायचं होतं. दवाखान्याच्या ओसरीवर माणसांची रांग आहे. तुम्ही आत चमच्याने एकेकाची जीभ दाबता, कापूस गुंडाळलेली काडी घशात फिरवता, मी ती नळीत घालून लाखेने तोंड बंद करतो. नळ्या आगबोटीने मुंबईच्या प्रयोगशाळेत जातात.

पहिल्याच दिवशी एक कोळीण मुलीला घेऊन आली. तोंडाला पदर. "कंपौंडरदादा, सकालपासून सुकट निवडतंय मी. पोरीनं पन तीच खाल्लीय. सायबाच्या नाकाशी त्वांड कसं उघडायचं?" रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "उघड बाय, सायब आजच्या बोटीनं मुंबईला पलंल." सगळे हसले. मलाही तिचं पटलं. मोठ्या माणसासमोर खरकट्या तोंडाने कोणी जातं का? मी घागरभर पाण्यात गुळण्यांच्या औषधाचे जांभळे खडे टाकले आणि पाणी ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलं. आधी गुळण्या, मग साहेब. तुम्ही आत होतात, तुम्हाला दिसलं नाही. मीही सांगितलं नाही. उलट मला वाटलं, साहेबांनी बघितलं तर शाबासकी देतील.

मुंबईचं उत्तर आलं की एकाही नळीत काही नाही. तुम्ही शाळा उघडायला सांगितलंत. आठ दिवसांत त्या कोळणीच्या मुलीचा घसा धरला, मान सुजली, घशात पांढरा पडदा आला. तुम्ही घटसर्पाची सुई मागवलीत. ती पोचायच्या आधी मुलगी गेली. तिची आई ओसरीवर आली. रडत नव्हती. "तुमीच बोललेलात ना, कुनाला काय न्हाय म्हनून?" तुम्ही म्हणालात, "हो बाई. मीच बोललो."

त्या दुपारी तुम्ही मला विचारलंत, "काडी फिरवायच्या आधी कोणाच्या घशाला औषध लागलं होतं का? लागलं असेल तर जंतू मरतात आणि नळीत काही उगवत नाही." त्या क्षणी मला सगळं कळलं. मी म्हणालो, "नाही साहेब." तुम्ही त्या शोधाचे कागद बांधून कपाटावर टाकलेत, पुन्हा काढले नाहीत. बदली झाली तेव्हा जीभ दाबायचा तो चमचा मला दिलात. म्हणालात, "तुमच्याइतका स्वच्छ कंपौंडर मला मिळायचा नाही." मी चमचा घेतला.

आज सकाळी नात म्हणाली, "आजा, थुंकी गिळवत नाही." सूनबाई विहिरीवर होती. मी चमचा काढून घसा पाहिला. लाल होता. एका बाजूला पांढरं होतं की उन्हाची तिरीप होती, देव जाणे. माझ्या हातांनी त्यांना येत होतं तेच केलं. जांभळं पाणी कालवून दिलं. तिने केळीच्या बुंध्याशी चार गुळण्या टाकल्या. तो डाग इथून दिसतो आहे.

नंतर दवाखान्यात गेलो. नवे डॉक्टर तरुण आहेत, खादी घालतात. त्यांना पडदा दिसला नाही. काडी फिरवायच्या आधी त्यांनी विचारलं, "गुळण्या, औषध, काही दिलंय?" सूनबाई म्हणाली, "काही नाही दिलं." तिला ठाऊकच नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. "आजोबा जुने कंपौंडर. ते कसे देतील?" मीही हसलो. मग ते म्हणाले, सुई एकाच मुलापुरती शिल्लक आहे, ती मुंबईचं उत्तर आल्यावर द्यायची की नाही ते ठरवू.

साहेब, उत्तर काय येणार ते मला आताच ठाऊक आहे. काही नाही, असंच येणार.

ती आत झोपली आहे. दर ओळीनंतर मी उठून तिचा श्वास ऐकून येतो. मघाशी घरघर वाटली, मग वाटलं जात्याचा आवाज असेल, मग आठवलं की आज दळायला कोणी बसलेलंच नाही. नव्या डॉक्टरांना सांगितलं तर ते विचारतील, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं म्हटलं की पुढचा प्रश्न येईल, कधीपासून? ती कोळीण अजून आहे. बाजारात मला दादा म्हणते, ताजी मासळी बाजूला काढून ठेवते.

तुम्ही "मीच बोललो" म्हणालात तेव्हा तुमचा आवाज कापला नव्हता. माझा कापेल. पाणी आता बंदराच्या पायरीला लागलं असेल. दवाखाना त्याच वाटेवर आहे, आणि ती एक सुई तिथेच आहे. हा कागद पेटीत तुमच्या चमच्याखाली ठेवतो.

एक सांगायचं राहिलं. चपला मी पत्राला बसायच्या आधीच पायात घातल्या होत्या.