फटफटी आणि ओलं मडकं

आबा, मी फटफटी घेतली. तुम्ही असता तर पहिल्यांदा विचारलं असतं, मडकं कुठं ठेवणार. मला ते सुचलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

तुमच्या माघारी देवी टोचायचं तुमचंच काम माझ्याकडे आलं. शाळा सहावीतच सुटली होती, पण अक्षर चांगलं आणि टोचायला तुम्हीच शिकवलेलं, म्हणून ठेवून घेतलं. लसीच्या काचेच्या नळ्या अजून तशाच रेल्वेने पिंगळी स्टेशनात येतात आणि मी अजून तशाच ओल्या फडक्यात गुंडाळून तुमच्या मडक्यात ठेवतो. तुम्ही ते मडकं तट्टावर बांधायचात आणि स्वतः शेजारून पायी चालायचात. छत्री धरायचात ती मडक्यावर. फाल्गुनाचं ऊन आहे, तुमच्या मानेवरून घाम ओघळतो आहे, आणि बांधावरची माणसं हसताहेत. "मडक्याला छत्री अन् मानसाला ऊन! जावई हाय का काय ओ मडकं?" तुम्ही न थांबता म्हणता, "जावयापरीस नाजूक हाय." मला तुमची लाज वाटायची. मी दहा पावलं मागून चालायचो.

तट्टू तुमच्यामागे वर्षभरात गेलं. ताडकळसच्या पलीकडच्या वस्त्यांवर पायी पोचेपर्यंत नळ्या दोन दिवसांच्या शिळ्या व्हायच्या. लढाई संपल्यावर फौजेच्या जुन्या फटफट्या सिकंदराबादहून येऊ लागल्या. परभणीत एका मिस्त्रीकडे त्यातल्या दोन उभ्या आहेत असं कळलं, तेव्हा वाटलं, सकाळी निघून दुपारच्या आत पोचता येईल.

मी चार वेळा गेलो आणि दोन्ही गाड्या पाहिल्या. मला पडायची फार भीती. मोठी गाडी उंच होती, बसल्यावर माझे नुसते चवडे टेकत. धाकटीवर दोन्ही पाय सपाट टेकले. मिस्त्रीला सांगून ती आडवी पाडली आणि एकट्याने उचलून पाहिली. मोठी मात्र अर्ध्यावर येऊन पुन्हा पडली. चाक आणि वरचा पत्रा यांच्यात काळी माती अडकेल का, म्हणून बोटं घालून पाहिली. ब्रेक वीस वेळा दाबला. मिस्त्री विडी विझवून म्हणाला, "अब इसके दाँत बी देख लेव, बाबू." मी हसलो नाही. धाकटीची धुराची नळी कुणीतरी वर उचलून मागच्या कॅरियरखालून काढलेली होती. ओढ्यात पाणी शिरायला नको म्हणून. हे पाहिल्यावर माझं मन ठरलं. ओढ्यात गाडी बंद पडून मी मधेच अडकलोय, असं स्वप्न मला दोनदा पडलं होतं.

मडकं मी त्याच कॅरियरवर बांधलं. काथ्याने, चारी बाजूंनी, हलू नये असं. वस्तीवर पोचलो तेव्हा ऊन चढायचं होतं. फडकं खडखडीत वाळलं होतं. मला वाटलं, वाऱ्याने. धनगरांची एकवीस पोरं टोचली आणि दुपारी घरी जेवायला आलो. त्या दिवशी मला तुमच्याहून शहाणा झाल्यासारखं वाटलं, आबा.

आठव्या दिवशी पाहायला गेलो. एकाच्याही दंडावर लस लागल्याचा फोड नव्हता. एका बाईने कडेवरच्या पोरीचा दंड माझ्यापुढे धरला. "बगा सायेब, काईच न्हाई. म्हातारे टोचायचे तवा लेकरं चार दिस फणफणायची. तुमचा हात लय हलका हाय." बाकीच्या बायांनीही माना डोलावल्या. एकीने मला दुधाचा पेला दिला. मी तो प्यालो. लस मेली होती, पोरं देवीला उघडीच आहेत, हे तिथे सांगायला पाहिजे होतं. मी "बरं, बरं" म्हटलं आणि निघालो. घरी गाडी उभी करताना कॅरियरला हात लागला आणि तळवा भाजला.

स्वयंपाकघरातला तो दिवस मग आठवला. मी मडकं चुलीजवळ ठेवलं होतं. तुम्ही कधी आवाज चढवत नसायचात, त्या दिवशीही चढवला नाही. मडकं उचलून रांजणाखालच्या ओल्या वाळूत रोवलंत आणि म्हणालात, "ह्या नळीत जीव हाय. तुला चटका बसला तर तू वरडशील. हिला वरडता येत न्हाई." आई भाकरी थापायची थांबली होती. मी पाय कुठे टेकतात ते पाहिलं, पडल्यावर मी उठेन का ते पाहिलं, ओढ्यात माझं काय होईल ते पाहिलं. चार खेपांत एकदाही मडकं बरोबर नेलं नाही.

नव्या नळ्या मागवल्या, त्या आज आल्या. पण काल ताडकळसच्या बाजारात कळलं की वस्ती उठली. मेंढरं घेऊन ती माणसं गंगाखेडच्या बाजूला, नदीकाठाने गेली. तिकडच्या एका गावात देवी आल्यात असंही तिथेच ऐकलं. पायी गेलो तर ती सापडणार नाहीत, म्हणून गाडीच न्यावी लागेल. मडकं छातीशी बांधणार आहे. वाटेत प्रत्येक विहिरीवर फडकं भिजवीन. पुन्हा का टोचता, असं ती बाई विचारील. "सरकारचा हुकूम आहे" असं म्हणायचं मी दोनदा मनात घोकून ठेवलं होतं. आता ते म्हणणार नाही, असं वाटतं. खात्री नाही.

आणखी एक आहे, ते तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही, आणि हा कागदही कुठे जाणार नाही. काल वस्ती उठल्याचं कळलं तेव्हा सगळ्यात आधी मला बरं वाटलं होतं.