कळलं नाही म्हणणाऱ्यांचा रविवार

बाई, कळंबला बियाण्याच्या दुकानावरच्या ज्या खोलीत तुमचा कॉम्प्युटर क्लास होता, तिथं आता मोबाईलची कव्हरं विकतात. म्हणून प्रोग्रॅमिंगचं पुस्तक मिळून वाचायचं आपलं रविवारचं पुस्तकमंडळ मी माझ्या घरीच पुन्हा सुरू केलंय. तुम्ही देवाघरी गेलात आणि ते बंद पडलं, मीही पुण्याला नोकरीला गेले. आता गावी परतून घरूनच काम करते. आसपास प्रोग्रॅमिंग करणारे आणखी सहाजण निघाले, दिवसभर एकेकटे स्क्रीनपुढं बसणारे. त्यांनाही आपल्यासारखी बसायला जागा हवी, असं मनापासून वाटलं.

पण सुरुवातीलाच मी घोळ घातला. तीन रविवार धडा मीच तयार करून मीच समजावला. कळलं का विचारलं की सगळे माना डोलवायचे. चौथ्या रविवारी एकटा शेजारच्या वाशीचा मुलगा आला, तोही बाकीच्यांचा निरोप सांगायला. "ताई, तुमाला समदंच येतंय. मग आमी येऊन काय करावं?" मला रागच आला. एवढी मरमर कुणासाठी केली मी? भांडी घासताना तो राग उतरला आणि तुम्ही आठवलात. तुम्ही खुर्चीत पुस्तक उघडून बसलाय आणि म्हणताय, "ज्याला कळलं न्हाय, त्यानं आधी बोलायचं. कळलेल्याला कुठं घाई हाय?" मी तरी मध्येच उत्तर देते. "तुला लई कळतंय ना, मग जा, खालून घागर भरून आण." जिना उतरताना मी तुम्हाला मनात काय काय बोलले होते.

पुढच्या रविवारी सगळ्यांना फोन करून बोलावलं, आणि तुमचंच जुनं पुस्तक उघडून सांगितलं की प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी दोन कामं चालवायचा हा धडा मला कळलेला नाही. खरंच नव्हता कळला. मग वाशीच्या मुलानं खुर्ची पुढं ओढली. "मलाबी न्हाय, ताई. दोन वर्षं झाली, दुसऱ्याचा कोड उचलून चिकटवतोय." सगळे हसले, आणि जेवणाची वेळ टळली तरी वाद चालूच होता. आता सहाही जण येतात.

त्यांना जे जमलं, ते मला तुमच्यापुढं कधी जमलं नाही. दर रविवारी तुम्ही शेवटी माझ्याकडं बघत जरा थांबायचात. मी पुस्तक मिटून "कळलं, बाई" म्हणायचे. निम्मंही कळलेलं नसायचं. हे पत्र त्याच पुस्तकात ठेवून देते.