तिसऱ्या रांगेतला समाज

ती. वन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? फोन उचलत नाही आहात, म्हणजे बाकी तब्येत ठणठणीत असावी. परवा मालिकेतल्या कोर्टात एक विधवा साक्ष देत असताना मागे बसून हसणारी बाई मीच. तुम्ही बरोबर ओळखलंत. पण झालं काय ते एकदा सांगू द्या.

हे गेल्यावर काही आठवड्यांनी त्या मालिकेतून यांच्यासाठीच फोन आला, उद्या गर्दीत बसायला या म्हणून. (निवृत्तीनंतर हे तिथे नुसते मागे बसायचे. तुम्ही मात्र सगळ्यांना ‘माझा धाकटा भाऊ टीव्हीवर काम करतो’ एवढंच सांगत होतात.) हे नाहीत म्हटल्यावर पलीकडची मुलगी म्हणाली, अरेरे, पण आमचा पुढचा विषय विधवांचे हक्क हाच आहे, तुम्ही याल का? यांची खुर्ची एकदा बघावी म्हणून गेले.

तिथे दर आठवड्याला एक सामाजिक प्रश्न सोडवतात आणि सोमवारी नवा घेतात. आधी मला विधवेचीच भूमिका द्यायचं घाटत होतं. चार वाक्यं म्हणवून घेतली. दिग्दर्शकांनी मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाले, "काकू, छान आहे, पण तुम्ही विधवा वाटत नाही हो." (माझ्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, ही तुमची तक्रार तर लग्नापासूनची.) भूमिका एका गोड मुलीला मिळाली. तिचा नवरा सारखा तिला थंड पाणी आणून देत होता.

मला समाजात टाकलं. मागे बसणाऱ्यांना तिथे समाज म्हणतात. त्यात सगळ्या प्रकारची माणसं दिसावीत म्हणून एक बाई खास नेमल्या आहेत. त्या आम्हाला फुलदाणीसारखं इकडून तिकडे हलवतात. माझ्या शेजारी चाकाच्या खुर्चीतले एक गृहस्थ होते, खरोखरचे वकील. पण टीव्हीवरच्या वकिलाला येरझाऱ्या घालाव्या लागतात, म्हणून तेही समाजातच. "मागच्या आठवड्याच्या भागात पायऱ्यांशेजारी उतार हवा म्हणून आम्ही खटला जिंकलो," ते म्हणाले, "तेव्हा मला सेटवरच्या सुतारांनी उचलून वर आणलं होतं. आजही त्यांनीच आणलं."

साक्ष सुरू झाली. सगळ्या समाजाने डोळे पुसायचे, असा हुकूम. मी यांच्या खुर्चीत, तिसऱ्या रांगेच्या टोकाला. मला लोकांत रडता येत नाही, तुम्ही पाहिलंच आहे. रुमाल काढला, तेवढ्यात रांगा सांभाळणारा माणूस सवयीने मागून हळूच म्हणाला, "काका, झोपू नका!" वळून पाहिलं तर बिचारा जीभ चावून उभा. आणि मला हसू आलं, वन्सं. हे गेल्यापासून पहिल्यांदाच. कॅमेऱ्याने नेमकं तेच धरलं. पुन्हा घेऊ या का, मी विचारलं, तर दिग्दर्शक म्हणाले, राहू दे, समाजाची असंवेदनशीलता आयती मिळाली.

रागावलात तरी औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
असंवेदनशील वहिनी

ता. क. पुढचा विषय एकाकी वृद्ध. त्यातही मी समाजच. भूमिकेसाठी तिशीतली एक नटी केस पांढरे करून येणार आहे.

आणखी एक ता. क. मुख्य लिहायचं राहूनच गेलं. जुने भाग तुम्ही साठवून ठेवलेत. ज्यांत हे मागे पेंगताना दिसतात, तेवढे रागाच्या भरात पुसू नका. रविवारी मी येते, दोघी मिळून बघू. आवाज बंद ठेवला तरी चालेल. आपल्याला फक्त समाज बघायचा आहे.