दाभणाचं टोपण

प्रिय टाचणी,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. लिहितेय आपली शेजारीण. तीच, जिला पाहून तू लहानपणी पलंगाखाली शिरायचीस आणि जिचं नाव तूच 'सुईबाई' ठेवलंस. उभा जन्म इस्पितळात नर्स म्हणून काढला, आता रिटायर झाल्यावर माझ्या दंडात साखरेचं इंजेक्शन टोचून हौस भागवते. अक्षर तिचं, शब्द माझे. मध्येच काही शहाणपणाचं आढळलं तर ते तिनं पदरचं घातलंय असं समज. फोन केला असता, पण तूही आता नर्स, फोनवर 'आजी, ड्युटी आहे' म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्राला ड्युटी सांगता येत नाही.

तुझी आई तुझ्या खोलीतली चादर अजून बदलते, त्यावर कुणी झोपलेलं नसलं तरी. तुझा बाप वाट बघत नाही असं दाखवतो आणि दाराशी गाडी थांबली की खिडकीशी जातो. माझं शिवणयंत्र माझ्यासारखंच झालंय, चालतं कमी, कुरकुरतं जास्त. परवा जुनी डबी आवरताना माझं दाभण सापडलं. आठवतं ना, गाद्या शिवायचं, वीतभर लांब? त्याला मी पेनाचं टोपण घालून ठेवायची. मला लिहिता येत नाही म्हणून तुझा आजोबा हसायचा, म्हणायचा, हिच्याकडे पेन नाही, टोपण तेवढं आहे. आणि तू माझ्या मांडीला टेकून बसलेली असायचीस, टाचणीएवढी. सुई हातातून खाली ठेवायच्या आधी टोपण घाल, नाहीतर पाठीत धपाटा. तुझ्या हाताला असं वळण लागलं होतं की झोपेतही टोपण शोधायचीस.

मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा सकाळी उलट्या काढत होतीस. खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात पाळणा टांगला. म्हटलं, असू दे, आधी पाळणा, मग वरात, जग बदललंय. सुईबाई लिहायची थांबून हसतेय, तिला हसू दे. मग तुझ्या युनिफॉर्मचं बटण लावताना तुला सुई टोचली. लहानपणी टोचली की बोट माझ्या तोंडात यायचं, तसा मी हात पुढे केला, तर तू विस्तवाला हात लागावा तशी मागे सरलीस. किती वेळ नळाखाली बोट धरून उभी होतीस. त्या दिवसापासून तुझा कप वेगळा, ताट वेगळं. आणि मला इंजेक्शन दिलंस तेव्हा टोपण उचललंस आणि हात हवेतच थांबला. टोपण तसंच खाली ठेवलंस आणि उघडी सुई डब्यात टाकलीस. टाचणी, डोळ्यांत मोतीबिंदू असला तरी एवढं दिसतं मला.

तू गेल्यावर मी सुईबाईला धरून बसवलं. आधी ती आढेवेढे घेत होती, पण माझ्यापुढे कुणाचं चालतं? तिनं सांगितलं, इस्पितळात वापरलेल्या सुईला टोपण घालायचंच नसतं. घालायला जावं तर दुसऱ्या हाताचं बोट समोर येतं आणि रोग्याचं रक्त आपल्या अंगात जातं. सुई तशीच जाड डब्यात टाकायची. पण तो डबा असतो वॉर्डच्या पार टोकाला, खाटा गच्च भरलेल्या, उघडी सुई घेऊन गर्दीतून चालायचं कसं, म्हणून पोरी टोपण घालतात. वर बोलणी खायचीही त्यांनीच. डबा खाटेपाशी का नाही, असं कुणी विचारत नाही. तू विचार. सुईबाई म्हणते, तिच्या वेळी पोरी भीतीनं लपवायच्या. तुलाही वॉर्डात तशीच सुई टोचली, पण तू लपवलं नाहीस, लगेच सांगितलंस, म्हणूनच रोग्याचा रोग अंगात शिरू नये म्हणून देतात त्या ओकारी आणणाऱ्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या. हे ऐकलं आणि मला धड जेवण गेलं. आणि हेही तिनं शपथेवर सांगितलंय की एका ताटात जेवून, एका कपातून पिऊन, गळ्यात पडून यातलं काही कुणाला होत नाही. तुला हे माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. ठाऊक असणं आणि धीर असणं वेगळं, तेही मला कळतं.

आता कामाचं. शेवटची रक्ततपासणी व्हायची आहे आणि ती होईपर्यंत तू घरी येणार नाहीस, हे मी ओळखलंय. तर ऐक. माझ्या घरातला टोपणाचा नियम माझ्या दाभणापुरता खरा होता. तुझ्या वॉर्डात तो आजपासून रद्द. तिथं हात टोपणाकडे वळलाच तर माझा धपाटा आठव. तपासणीचा दिवस तेवढा सुईबाईला कळव, आईबापाला मी अजून काही बोललेले नाही. ती मला गाडीत बसवून घेऊन येणार आहे. रिपोर्ट येईपर्यंत तुझ्या शेजारी बाकावर बसेन. तो कसाही येवो, त्यानंतर आपण चहा घेऊ, एकच कप मागवू, आणि पहिला घोट तुझा. नको म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हण, तोवर मी पोचलेली असेन.

तुझीच,
आजी

(खाली निळा डाग दिसतोय तो माझा अंगठा. जरा फरफटलाय, हात हलला.)